लक्ष्मी कोणावर रागावते? कोलकात्यातल्या मार्गशीर्षाच्या चार पोथ्या

मार्गशीर्षातल्या गुरुवारी कोलकात्यात एकाच देवीपुढे तीन भाषांतल्या तीन पोथ्या वाचल्या जातात. मराठी घरात महालक्ष्मी व्रताची कथा, ओडिया घरात बलराम दासांचे ‘लक्ष्मीपुराण’ आणि बंगाली घरात ‘लक्ष्मीर पाँचाली’. चौथी पोथी लक्ष्मीव्रताची नाही, पण थंडी तीच आणि दिवसही जवळपास तेच. लेक मार्केटच्या आसपास वसलेली तमिळ मंडळी मार्गळीच्या पहाटे आंडाळचे ‘तिरुप्पावै’ म्हणतात, रोज एक पद, महिनाभरात तीस.

महिन्यांचा हिशेब थोडा वेगवेगळा आहे. ओडिया मार्गशीर्ष कार्तिक पौर्णिमेनंतर सुरू होतो, आपला कार्तिक अमावास्येनंतर. म्हणजे ओडिया गुरुवार पंधरवडाभर आधी लागतात आणि शुक्ल पक्षात दोघांची गाठ पडते. बंगालचा अग्रहायण आणि तमिळांची मार्गळी हे सौर महिने. मार्गळी साधारण 16 डिसेंबरला लागते आणि पोंगलपर्यंत चालते. तो बंगालचा पौष आणि आपल्याकडचा धनुर्मास. गीतेच्या दहाव्या अध्यायात कृष्ण महिन्यांमध्ये स्वतःला मार्गशीर्ष म्हणवतो. अग्रहायण या नावातच तो कधीकाळी वर्षाचा पहिला महिना असल्याची खूण आहे. पण या महिन्याचे महत्त्व शास्त्रापेक्षा शेतात अधिक आहे. बंगाल-ओडिशात याच दिवसांत आमन भाताची कापणी होते. खळ्यावर धान येते, त्याचे माप होते, वाटे पडतात. लक्ष्मी तेव्हा घरात येते असे म्हणताना मुळात भात घरात येतो असेच म्हणायचे असते.

या पोथ्यांकडे आपली समीक्षा दोनच प्रकारे पाहते. एक तर त्यांना लोकसाहित्य म्हणून संग्रहात जमा करायचे, नाही तर अंधश्रद्धा म्हणून झटकायचे. दोन्ही प्रकारांत पोथी वाचायची राहून जाते. मला त्या साहित्य म्हणून वाचायच्या आहेत, आणि शेजारीशेजारी ठेवून वाचायच्या आहेत. तशा वाचल्या की एक गोष्ट लगेच दिसते. प्रत्येक पोथी एकाच प्रश्नाचे उत्तर देते: घरात अन्न नाही, ते कोणामुळे? लक्ष्मी रागावली म्हणून, हे सगळ्या लक्ष्मीपोथ्यांना मान्य आहे. ती कोणावर आणि कशासाठी रागावली, इथे त्यांची वाट वेगळी होते. हा फरक शैलीचा नाही. दर गुरुवारी लाखो स्त्रिया मोठ्याने जे वाचतात, त्यात दोषी कोण ठरते याचा हा फरक आहे.

आपल्या पोथीपासून सुरुवात करतो. कोलकात्यात ती दोन वाटांनी आली. एक हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासाभोवती जमणाऱ्या नोकरदार कुटुंबांची. दुसरी सांगली-साताऱ्याकडून सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी बडाबाजारकडे आलेल्या गलाई कुटुंबांची. चौरंगावर तांदूळ, त्यावर कलश, कलशात डहाळ्या आणि वर नारळ, पुढे फळे. संध्याकाळी गोडाचा नैवेद्य आणि उपवास सोडणे. मांडणी विट्यात जशी असते तशीच इथे.

कथा द्वापारयुगातल्या सौराष्ट्रातली आहे. राजा भद्रश्रवा, राणी सुरतचंद्रिका, सात मुलगे आणि एक मुलगी शामबाला. महालक्ष्मी म्हातारीच्या रूपात, काठी टेकत, राजवाड्याच्या दारी येते. नाव विचारले तर कमला सांगते, गाव द्वारका. राणीला तिच्या मागच्या जन्माची आठवण द्यायला ती आली आहे: राणी तेव्हा दरिद्री होती, नवऱ्याचा मार खात होती आणि याच व्रताने वर आली. राणी मात्र मैत्रिणींच्या गप्पांत दंग. दासी आत निरोप द्यायला कचरते. पुढे राणी म्हातारीचा अपमान करते. शामबाला मात्र तिची क्षमा मागते आणि व्रत घेते. तिचे लग्न मालाधर नावाच्या राजपुत्राशी होते, माहेरचे राज्य जाते, आईबाप उपाशी राहतात.

या कथेतला देवीचा राग मला नेमका वाटतो. तो गरिबी विसरलेल्या श्रीमंतावर आहे. अन्न गेले ते राणीच्या उर्मटपणामुळे, आणि ज्यांच्याकडे काहीच नाही अशा कोणालाही पोथी दोष देत नाही. व्रत सर्वांत आधी घेते ती दासी, आणि त्या व्रताने ती दासीपण सोडून संसाराला लागते. एवढ्या छोट्या चोपडीत दासीला स्वतःची गोष्ट आहे, ही साधी बाब नव्हे.

तरी पोथीचे खरे बळ तिच्या उत्तरार्धात आहे, आणि तो भाग वाचताना आपण बहुधा आरतीच्या घाईत असतो. भद्रश्रवा मुलीकडे जातो. ती बापाला मोहरांनी भरलेला हंडा देते. घरी येऊन झाकण काढतात तर आत कोळसे. पुढे सुरतचंद्रिका स्वतः मुलीकडे जाते, तिथे व्रत करते आणि वैभव परत येते. मग शामबाला माहेरी येते. बापाला कोळसे दिले आणि मला काहीच दिले नाही, हा राग आईच्या मनात आहे. ती मुलीचा मान ठेवत नाही. शामबाला भांडत नाही. निघताना थोडे मीठ घेते. माहेराहून काय आणले असे नवरा विचारतो, तेव्हा राज्याचे सार आणले असे ती सांगते. त्या दिवशीचा स्वयंपाक ती अळणी करते. नवऱ्याला घास जात नाही. मग ती पानात मीठ वाढते आणि सार म्हणजे काय ते त्याला कळते.

कोळसा आणि मीठ या दोन वस्तूंवर ही सगळी कथा तोलली आहे. सोने ज्याच्या हाती जाते त्याच्याबरोबर बदलते. मीठ बदलत नाही. व्रतकथेत फळ म्हणून राज्य, रत्ने, हत्तीघोडे यांची रेलचेल असते. इथे शेवटी उरते ते मीठ, बाजारात सर्वांत स्वस्त मिळणारे. शिवाय अपमान गिळून आलेल्या लेकीने ते आणले आहे, आणि माहेरची लाज राखत त्याला तिने मोठे नाव दिले आहे. सासरी माहेराबद्दल विचारणा झाली की बाईला काय काय झाकावे लागते, ते या प्रसंगात एकाही स्पष्टीकरणाशिवाय आले आहे. आधुनिक कथाकाराने हा प्रसंग लिहिला असता तर आपण त्यावर लेख लिहिले असते.

आता बंगाली पोथी. ‘पाँचाली’ हा शब्द मराठी वाचकाला बिभूतिभूषणांच्या 1929 च्या कादंबरीमुळे आणि सत्यजित राय यांच्या 1955 च्या चित्रपटामुळे ओळखीचा आहे. मुळात तो गाऊन सांगायच्या कथाकाव्याचा प्रकार. ‘लक्ष्मीर पाँचाली’ वर्षभर दर गुरुवारी वाचतात, म्हणून बंगालीत गुरुवारला लक्ष्मीवारही म्हणतात. पण नवे धान आल्यावर, पौषात, तिला वेगळा मान असतो. कोलकात्यात ती पुस्तकांच्या दुकानापेक्षा दशकर्मा भांडारात सहज मिळते, जिथे कापूर, सुपारी, गंगामाती आणि लग्नाचे टोपर मिळते तिथेच. चितपूर रस्त्याच्या बाजूच्या बटतला भागातल्या छापखान्यांनी एकोणिसाव्या शतकात स्वस्त पोथ्यांचा जो व्यवहार उभा केला, त्याच वंशातली ही चोपडी. आज तिचे अनेक पाठ आहेत, पण सांगाडा सारखा.

डोल पौर्णिमेची रात्र. वैकुंठात लक्ष्मी आणि नारायण बसले आहेत. नारद वीणा घेऊन येतात आणि लक्ष्मीला थेट विचारतात: मर्त्यलोकात माणसे अन्नावाचून तळमळत आहेत, दुष्काळ का पडतो? चारही पोथ्यांमधला हा सर्वांत मोठा प्रश्न आहे. आपल्या पोथीला एका राजघराण्याची काळजी आहे, इथे सगळ्या पृथ्वीची आहे. भिकेकंगालांच्या वतीने देवीला जाब विचारणारा नारद इतर पोथ्यांत नाही.

लक्ष्मीचे उत्तर मात्र त्या प्रश्नाला शोभत नाही. ती म्हणते, बायकांच्या वागणुकीमुळे. त्या मोठ्याने हसतात, संध्याकाळी दिवा लावत नाहीत, डोक्यावर पदर घेत नाहीत, सासूसासऱ्यांना मानत नाहीत, नवऱ्याच्या आधी जेवतात. यादी बरीच लांबते. मग अवंती नगरच्या धनेश्वर व्यापाऱ्याची गोष्ट येते: तो मेल्यावर सात मुलगे आणि सुना भांडून वेगळे होतात, म्हातारी विधवा मरायला रानात जाते, तिथे लक्ष्मी तिला भेटते आणि गुरुवारचे व्रत सांगते. पुढे व्रताला हसणाऱ्या एका सदागराचे वैभव बुडते आणि पश्चात्तापानंतर परत मिळते.

बंगाली घरात लक्ष्मीपूजेला शंख वाजतो, पण घंटा आणि काँसर वाजवत नाहीत. देवीला गलका आवडत नाही म्हणतात. तांदळाच्या पिठाच्या ओल्या आलपोनातून छोटी छोटी पावले दारापासून घटापर्यंत येतात आणि हातात फुले-दुर्वा घेऊन बायका कथा ऐकतात. त्या शांततेला एक सौंदर्य आहे. पण बाईच्या हसण्यावरची बंदी आणि घंटेवरची बंदी एकाच ठिकाणाहून येतात, हे पोथी वाचल्यावर लपत नाही.

अवनींद्रनाथ ठाकुरांनी 1919 च्या ‘बांग्लार ब्रत’ या पुस्तकात व्रतांचे दोन गट केले: शास्त्रीय व्रते आणि मेयेली म्हणजे बायकांची व्रते. बायकांच्या व्रतात त्यांना इच्छा दिसली, चित्र दिसले, ऋतू दिसला. शास्त्रीय व्रतांत भटजींचा हात दिसला. ही विभागणी आजही उपयोगी आहे, पण पाँचालीपुढे ती अडते. पाँचाली वाचते ती बाईच, ऐकतात त्या बायकाच, भटजींची गरज नसते. तरी तिच्यातला आवाज बाईला दटावणारा आहे. बायकांच्या तोंडी असलेले सगळे बायकांचे नसते, हे या पोथीइतके स्वच्छ क्वचितच कुठे दिसते.

यावर बंगाली मित्र जे उत्तर देतात ते हलके घेण्यासारखे नाही. ते म्हणतात, दोषांची यादी कोण ऐकतो? पयाराची चौदा अक्षरे, आठांवर एक विसावा, मग सहा. एकदा लय लागली की अर्थ मागे पडतो. आईला त्या अर्ध्या तासात कोणी हाक मारत नसे, एवढेच आठवते. शिवाय कित्येक घरांत सासूने किंवा आजीने आयुष्यभर वाचलेले एकमेव पुस्तक हेच होते. हे मला पटते. राससुंदरी देवींनी चैतन्यभागवताचे एक पान स्वयंपाकघरात लपवून अक्षरे ओळखायला शिकल्याचे ‘आमार जीबन’मध्ये लिहिले आहे. अशा समाजात दर आठवड्याला बाईने हातात पोथी धरणे आणि बाकीच्यांनी तिचे ऐकणे, ही मिळकत लहान नव्हती.

पण लयीत अर्थ विरून जातो हे अर्धेच खरे आहे. लयीत आलेला अर्थ तपासला जात नाही आणि म्हणून टिकतो. जे पन्नास वर्षे दर गुरुवारी आपल्याच तोंडून ऐकले, ते मनात राहतेच. मराठीत ताराबाई शिंदे यांनी 1882 च्या ‘स्त्री-पुरुष तुलना’त हाच प्रश्न उचलला होता: जगातले सगळे दुर्गुण बायकांच्याच माथी का? त्यांचा रोख पुराणे आणि पोथ्यांवरही होता. ताराबाईंचे पुस्तक आणि लक्ष्मीची पाँचाली ही दोन्ही छापखान्याची अपत्ये. एकाला शंभर वर्षे कोणी विचारले नाही. दुसरे आजही कापराशेजारी विकले जाते.

कोलकात्यात तर या उत्तराची परीक्षा रस्त्यावर झाली. 1943 च्या दुष्काळात बंगालमध्ये 20 ते 30 लाख माणसे मेली. खेड्यांतून चालत आलेल्या बायका या शहराच्या दारोदार भात नव्हे, भाताची पेज मागत फिरल्या, कारण भात मागण्याची हिंमत उरली नव्हती. नारदाचा प्रश्न शब्दशः समोर उभा होता. अमर्त्य सेन यांनी 1981 च्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’मध्ये दाखवले की त्या वर्षी अन्नाचा साठा तेवढा घटला नव्हता, युद्धकाळातल्या महागाईत शेतमजूर, कोळी, कारागीर यांची अन्न मिळवण्याची ऐपत संपली होती. कोणाच्या डोक्यावरचा पदर ढळल्याने ते घडले नव्हते.

साहित्यातले उत्तर त्याआधीच आले होते. बिजन भट्टाचार्य यांचे ‘नबान्न’ हे नाटक 1944 मध्ये भारतीय जननाट्य संघाने कोलकात्यात रंगमंचावर आणले. दिग्दर्शन शंभू मित्र आणि स्वतः बिजनबाबूंचे. आमीनपूरच्या प्रधान समाद्दाराचे कुटुंब शहरात येऊन भिकेला लागते आणि शेवटी गावी परतून नवान्न करते. नवान्न हा अग्रहायणातला नव्या तांदळाचा सण. म्हणजे दुष्काळाचे सर्वांत महत्त्वाचे बंगाली नाटक याच महिन्याचे नाव घेऊन उभे आहे. मी ते पाँचालीचे उत्तर म्हणून वाचतो. प्रश्न नारदाचाच, पण दोष साठेबाजाचा, सरकारचा, शहराच्या बेपर्वाईचा. नाटकाने सण टाकून दिला नाही, दोषाची यादी तेवढी बदलली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1946 च्या कापणीला, बंगालच्या भागकऱ्यांनी तेभागा आंदोलनात पिकाचे तीन वाटे करून दोन मागितले आणि धान मालकाच्या खळ्यावर न नेता स्वतःच्या खळ्यावर न्यायला सुरुवात केली. लक्ष्मी कोणाच्या दारी जाणार, हा प्रश्न तेव्हा अक्षरशः बैलगाडीच्या वाटेचा झाला होता.

ओडिया पोथीत हाच प्रश्न सोळाव्या शतकाच्या आसपास विचारलेला आहे. बलराम दास हे ओडिया पंचसखांपैकी एक. त्यांचे ‘लक्ष्मीपुराण’ ‘माणबसा’ गुरुवारी वाचतात. माण म्हणजे धान मोजायचे माप. ते नव्या धानाने भरून मांडतात, दारापासून तांदळाच्या पिठाची झोटी काढतात. खिदिरपूरपासून हावड्यापर्यंत पसरलेल्या ओडिया वस्तीत हे गुरुवार पाळले जातात.

कथा अशी. मार्गशीर्षातल्या गुरुवारी, जगन्नाथाच्या परवानगीनेच, लक्ष्मी नगर पाहायला निघते. मोठ्यांची घरे झोपलेली, अंगण झाडलेले नाही. गावाबाहेर श्रीया नावाच्या चांडाळ स्त्रीने मात्र पहाटे उठून शेणाने सारवले आहे, कमळ काढले आहे, पूजा मांडली आहे. लक्ष्मी तिच्या घरात पाऊल ठेवते. शिकारीहून परतणारे बलभद्र आणि जगन्नाथ ते पाहतात. बलभद्र धाकट्या भावाला सांगतो, ही आता विटाळली, हिला बाहेर काढ. जगन्नाथ घुटमळतो, पण थोरल्याचे ऐकतो. मंदिराचे दार लक्ष्मीला बंद होते. ती अंगावरचे दागिने उतरवून ठेवते आणि शाप देते: बारा वर्षे तुम्हाला अन्न मिळणार नाही; चांडाळणीने वाढले तेव्हाच जेवाल.

पुढचा भाग विनोदी आहे आणि निर्दयही. मंदिराचे कोठार रिकामे, चूल थंड. जगाचे दोन मालक ब्राह्मण भिकाऱ्यांच्या वेशात दारोदार हिंडतात, चोर समजून हाकलले जातात. कोणी मुरमुरे घातले तर वारा उडवून नेतो. शेवटी समुद्राकाठी एका मोठ्या घरापाशी पोचतात. घर चांडाळाचे आहे असे त्यांना सांगितले जाते. बलभद्र म्हणतो, शिधा द्या, आम्ही रांधून घेऊ. चूल पेटत नाही. मग भूक जातीला हरवते आणि दोघे भाऊ वाढलेले जेवतात. वाढणारी लक्ष्मीच. परत यायला ती एक अट घालते: पुरीत चांडाळापासून ब्राह्मणापर्यंत सर्वांनी एकमेकांच्या हातचे अन्न खावे. पुरीच्या महाप्रसादाला जातीचा विटाळ नसतो, या प्रथेची ही कथा.

चौघींमध्ये मी हीच पोथी श्रेष्ठ मानतो, आणि त्याचे कारण केवळ तिचा विचार पुरोगामी आहे असे नाही. इथे दोषी स्वतः देव आहे आणि शिक्षाही त्यालाच होते. व्रतकथेचा नेहमीचा साचा असा: माणूस चुकतो, देव रागावतो, माणूस उपाशी राहतो, माणूस क्षमा मागतो. बलराम दासांनी साचा तोच ठेवला आणि माणसाच्या जागी देव बसवला. त्यामुळे ऐकणाऱ्या बाईला, निदान त्या अर्ध्या तासापुरते, दोषी म्हणून बसावे लागत नाही. घरातून काढली गेलेली बायको, थोरल्या भावापुढे मान खाली घालणारा नवरा, माहेरची वाट न धरता स्वतःचे घर थाटणारी बाई: हे सगळे तिच्या ओळखीचे आहे, आणि या वेळी ते तिच्या बाजूने सांगितले आहे.

मर्यादाही सांगायला हव्यात. श्रीयाला देवी भेटते ते ती इतरांपेक्षा स्वच्छ, इतरांपेक्षा नेमाची आहे म्हणून. सवर्णांच्या कसोटीला सवर्णांपेक्षा जास्त उतरल्यावरच तिच्या घरी पाऊल पडते. शिवाय श्रीया कथेच्या मध्यातून निघून जाते; शेवट नवरा-बायकोच्या समेटाचा होतो. मराठी वाचकाला इथे चोखामेळा आठवेल, आणि 1947 च्या मे महिन्यात विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी पंढरपुरात केलेले दहा दिवसांचे उपोषणही आठवेल. लक्ष्मी पायरी उतरून बाहेर गेली, श्रीया पायरी चढून आत आली असे बलराम दास म्हणत नाहीत.

कोलकात्यात या पोथीला आणखी एक उपरोधाची किनार आहे. पिढ्यान्‌पिढ्या या शहरातल्या सुखवस्तू बंगाली स्वयंपाकघरांत ओडिया ब्राह्मण आचारी असे. त्याला ‘ठाकूर’ म्हणत. त्याला ठेवायचे कारण त्याची चव जितकी, तितकीच त्याची जात, म्हणजे त्याच्या हातचे चालत असे. त्याच वेळी त्याच्या गावी त्याची बायको गुरुवारी वाचत होती की जातीचा आग्रह धरणारा देव बारा वर्षे उपाशी हिंडला. दोन्ही पोथ्या एकाच घराशी जोडलेल्या होत्या, पण एकमेकींच्या कानावर गेल्या नाहीत.

तिरुप्पावै या तिघींहून जुने, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराचे. त्यात गोष्ट अशी नाही. गोकुळातल्या मुली मार्गळीच्या पहाटे नदीवर न्हायला निघाल्या आहेत. व्रताचे नेम ठरवतात: तूप-दूध नाही, काजळ नाही, फुले नाहीत, चहाडी नाही. पाऊस वेळेवर पडावा, पीक यावे असे मागतात. मग एकेका घरापुढे थांबून झोपलेल्या मैत्रिणींना उठवतात. पक्षी बोलू लागले, शंख वाजला, तू अजून झोपलीसच? नेम शेवटी सुटतात. सत्ताविसाव्या पदात दागिने, नवी वस्त्रे आणि तूप कोपरापर्यंत ओघळणारा गोड भात येतो. त्या दिवशी वैष्णव देवळांत तोच नैवेद्य असतो. तिरुमलैच्या मंदिरात या महिन्यात सुप्रभाताऐवजी तिरुप्पावै म्हणतात, इतका त्याचा मान.

इथे टंचाईचे कारणच दिलेले नाही. पाऊस हवा आहे, म्हणून सगळ्यांनी मिळून मागायचा. कोणामुळे पडला नाही याची चौकशी नाही. झोपून राहिलेल्या मुलीला शाप नाही, चेष्टा आहे, आणि तिला घेतल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. नेम आहेत, पण ते मुलींनी स्वतः स्वतःवर घातले आहेत. पाँचालीतली आणि तिरुप्पावैतली बंधने कागदावर सारखीच वाटतील. एकीत ती वरून सांगितली जातात, दुसरीत ‘आपण’ म्हणून उच्चारली जातात. व्याकरणातल्या एका पुरुषाने केवढा फरक पडतो!

कोणी म्हणेल, भक्तीच्या पुस्तकांना असा न्याय लावणे बरोबर नाही. ती साहित्य म्हणून लिहिलेलीच नाहीत. मला हा युक्तिवाद या पोथ्यांचा अपमान वाटतो. मिठाचा प्रसंग, मुरमुरे उडवणारा वारा, नारदाचा प्रश्न, झोपलेल्या मैत्रिणीची चेष्टा: ही जाणून केलेली रचना आहे, आणि रचनेला दाद द्यायची असेल तर तिच्याशी वाद घालायची मुभाही हवी. पोथ्या बदलतात, हे त्यांच्या अनेक पाठांवरूनच दिसते. लेखणी फिरवणारे हात आजवर बरेचसे प्रकाशकांचे होते, इतकेच.

आपल्या पोथीकडे एक गोष्ट आहे जी बाकीच्यांकडे तशी नाही. शेवटच्या गुरुवारी उद्यापनाला सुवासिनींना बोलावून हळदीकुंकू, फळ आणि कथेची एक प्रत वाण म्हणून देतात. एकेका घरातून पाच-सात प्रती बाहेर पडतात. त्या विकत घेणाऱ्या बायका, वाटणाऱ्या बायका, नेऊन वाचणाऱ्या बायका. कुठल्याही मराठी कवितासंग्रहाला न लाभलेली ही वितरणव्यवस्था आहे, आणि ती ना समीक्षकाची वाट पाहते ना ग्रंथालयाची.

कोलकात्यातल्या मराठी बायकांच्या शेजारी ओडिया बायका राहतात. एखाद्या वर्षी त्या वाणात शामबालेच्या कथेमागे श्रीयाची कथाही छापून आली, सोप्या मराठीत, आपल्या पोथीच्याच आकारात आणि किमतीत, तर देवी रागावेल असे मला वाटत नाही. ज्या पोथीत दासी पहिल्यांदा व्रत घेते, तिला श्रीया परकी नाही. अनुवादाचे काम फारसे मोठे नाही. कोणी तरी ते करायला बसले पाहिजे, आणि पुढच्या मार्गशीर्षाला अजून अवकाश आहे.